मोकळ्या झालेल्या मिनिटांचं काय करायचं?





‘फ्लिप्ड क्लासरूम’ हे नाव आता प्रत्येक प्रशिक्षणात कानावर पडतं. धडा मुलांनी घरी व्हिडिओवर पाहायचा आणि गृहपाठ वर्गात करायचा, अशी त्याची ओळख करून दिली जाते. साहजिकच आपली, विज्ञान शिक्षकांची, सगळी चर्चा व्हिडिओभोवती फिरते : तो किती मिनिटांचा असावा, कोणत्या ग्रुपवर टाकावा, कोणी पाहिला आणि कोणी नाही. मला वाटतं, शिक्षकाने डोकं लावायचं ते वर्गात मोकळ्या झालेल्या वेळेवर. फळ्यावर सांगायचं ते आधीच सांगून झालं असेल, तर 35 मिनिटांच्या तासिकेत आपण करणार काय?

2007 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, वुडलँड पार्क हायस्कूलमध्ये, जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी आपले पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली. खेळाच्या स्पर्धांसाठी लांबच्या गावी जाणाऱ्या मुलांचे तास बुडत, ही त्यांची रोजची अडचण. ज्यांच्या घरी संगणक नव्हता, त्यांना त्यांनी डीव्हीडी करून दिल्या. या पद्धतीतला सर्वांत मोठा लाभ त्यांनी कोणता मानला? वर्गातल्या प्रत्येक मुलाशी रोज बोलायला मिळू लागलं, हा.

त्याआधी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांना वेगळाच धक्का बसला होता. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण बलाविषयीच्या साध्या प्रश्नांना अडखळत. एका विद्यार्थिनीने तर विचारलं की, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहायचं की मला एरवी वाटतं तसं? माझूर यांनी व्याख्यान आटोपतं घेतलं. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने स्वतःचं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. 1997 मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. या सगळ्याला यंत्र लागत नाही, मुलांचे हात पुरतात.

आपल्या दहावीचा ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा पाठ घ्या. वस्तूच्या सहा स्थानांच्या किरणाकृती फळ्यावर काढता काढता दोन तासिका सहज जातात. मुलं त्या उतरवून घेतात, परीक्षेत काढतात, गुणही मिळतात. आता त्या आकृत्या मुलांनी आदल्या दिवशी पाहिल्या आहेत असं धरा. वर्गात मेणबत्ती, बहिर्वक्र भिंग आणि पांढरा कागद ठेवा. प्रतिमा कागदावर पाडा आणि विचारा : भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर काय दिसेल? डोळे मिटून हात वर करायला सांगा. सुबक आकृती काढणारी मुलंसुद्धा ‘अर्धी प्रतिमा’ म्हणून हात वर करतात. लगेच उत्तर सांगू नका. त्यांना आपसात भांडू द्या, आणि तुम्ही बाकांमधून फिरा. कुठल्यातरी बाकावरून आवाज येतो, ‘अगं, ज्योतीच्या टोकापासून किरण सगळ्या भिंगावर पडतात ना, मग उरलेल्या अर्ध्यातून जातीलच की!’ त्यानंतर भिंग झाका. प्रतिमा पूर्णच राहते, फक्त मंद होते. आकृतीतले दोन किरण सोयीसाठी काढलेले असतात, पण मुलाच्या मनात तेवढाच प्रकाश असतो. हे आपल्याला वही तपासून कळत नाही. त्याच्या बाकाशी उभं राहिल्यावर कळतं. मोकळी झालेली मिनिटं यासाठी आहेत.

आता घरच्या भागाकडे येतो. इथे मला काळजी वाटते ती मुलींची. 14 ते 18 वयोगटाच्या ‘असर 2023’ या पाहणीत बहुतेक घरांत स्मार्टफोन आढळला. पण फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असणाऱ्या मुलांचं प्रमाण मुलींच्या दुपटीहून अधिक होतं. घरात फोन आहे म्हणजे तो नववीतल्या मुलीच्या हातात आहे, असं नाही. तो वडिलांबरोबर शेतावर जातो, रात्री भावाकडे असतो, आणि तिला त्या वेळी भाकऱ्या करायच्या असतात. व्हिडिओ पाहिला नाही म्हणून अशा मुलीला वर्गात उभं करणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्या हातून होता कामा नये.

पूर्वतयारी म्हणजे व्हिडिओच, असं कुठे आहे? पाठ्यपुस्तकाची दोन पानं आणि त्यावर तीन प्रश्न, एवढंही पुरतं. आणि व्हिडिओच हवा असेल, तर तो घरीच पाहायला हवा असं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले. आज ते कोड आपल्या पुस्तकांत आहेत आणि ‘दीक्षा’ या शासकीय ऑनलाइन मंचावर साहित्यही आहे. ते शाळेतच दाखवा. ऑफ तासाला प्रयोगशाळेत पडदा लावा, किंवा साठ जणांचा वर्ग दोन गटांत विभागून एका गटाला पाहू द्या आणि दुसऱ्याला करू द्या.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे : विज्ञानाला आठवड्यातून एक तरी जोडतास द्या. पोर्शन किती झाला हे विचारताना, मुलांनी या आठवड्यात कोणत्या प्रश्नावर वाद घातला, हेही विचारा. पाठ टाचणात त्या प्रश्नासाठी एक रकाना असू द्या.

चांगला प्रश्न तयार करणं व्हिडिओ करण्यापेक्षा अवघड आहे, आणि ते एकट्याचं काम नाही. या संमेलनाच्या दुपारच्या गटचर्चेत नेहमीची निवेदनं बाजूला ठेवू. प्रत्येक गटाने एकेक पाठ घ्यावा आणि भिंग झाकण्यासारखे पाच प्रश्न लिहावेत. मुलं कोणतं चुकीचं उत्तर देतील आणि का, तेही त्याखाली लिहावं. संध्याकाळपर्यंत ते सगळे एकत्र करून छायाप्रती काढू आणि इथून प्रत्येक शाळेत पाठवू.