कृष्णेची पातळी आणि कृष्णेचा प्रवाह



वैशाखात सांगलीच्या घाटावर उभे राहणाऱ्यास पात्रात पाणी दिसते आणि कृष्णामाई अजून वाहते आहे, असे समाधान वाटते. हे समाधान पुष्कळदा फसवे असते. बंधाऱ्यास बरगे घातले की मागे पाणी तुंबते. पातळी चढते, प्रवाह मात्र थांबलेला असतो. उलट, वाळूच्या उपशाने पात्र खोल गेले तर पूर्वीइतकाच प्रवाह खालच्या पातळीवरून जातो. म्हणून जाणकार नुसत्या पातळीवर विसंबत नाहीत. पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग मोजून विसर्ग काढतात. केंद्रीय जल आयोग अर्जुनवाड व कुरुंदवाड येथे अशा नोंदी ठेवीत आला आहे.

नदीचा खरा हिशेब कळतो तो पार खाली, विजयवाड्यास. तेथे १८५५ मध्ये बांध उभा राहिला. १९६० पूर्वी कृष्णा दरवर्षी सरासरी सुमारे ५७ अब्ज घनमीटर, म्हणजे जवळजवळ २००० टीएमसी पाणी समुद्रास देत असे. २००१ ते २००४ या अवर्षणाच्या काळात हा आकडा नगण्य झाला. एवढी मोठी नदी सागरास भेटेनाशी झाली! पाऊस कमी होता हे खरे. पण दीर्घकालीन घट केवळ पावसाने होत नाही. अभ्यासकांनी मुख्य कारण सांगितले ते धरणे व सिंचनाच्या विस्ताराचे.

बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ मध्ये अधिसूचित झाला. शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे भरवशाने मिळेल असे पाणी २०६० टीएमसी धरून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्रास ८०० टीएमसी देण्यात आले. या तिन्हींची बेरीज २०६०च होते. नदीने नदी म्हणून वाहावे, यासाठी त्यात स्वतंत्र वाटा ठेवलेला नव्हता. किमान प्रवाहाचा वेगळा विचार झाला तो दुसऱ्या लवादाच्या २०१० च्या निर्णयात.

आपल्या भागातील उन्हाळी पाण्याची कळ कोयनेत आहे. कोयनेचे ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविण्याची मुभा आहे. पोफळीहून ते वाशिष्ठीत आणि पुढे अरबी समुद्रात जाते. कृष्णेस ते पुन्हा मिळत नाही. मार्च-एप्रिलनंतर सांगलीच्या पात्रात जे वाहते, त्यातील मोठा भाग कोयना धरणातून पूर्वेकडे सोडलेल्या पाण्याचा असतो. म्हणजे येथील ग्रीष्म आता आकाशापेक्षा धरणाच्या दरवाजांवर अधिक अवलंबून आहे.

यात दोष कोणाच्या माथी मारावा? ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांनी उचललेले पाणी दुष्काळी पूर्व भागात गेले. जतच्या शेतकऱ्यास ते नाकारावे असे कोण म्हणेल? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरास गेली. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी होते, तेही कृष्णेचेच. तहानलेल्यास पाणी देण्याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो ऊस पाटाने भिजविण्याचा, आणि तो प्रश्न नदीकाठच्या सधन गावांना अधिक लागू आहे, हे येथे बसलेल्या बागायतदारांस वेगळे सांगावयास नको.

२०१९ व २०२१ च्या महापुरांनी घरे बुडविली, तेव्हा पाणी उदंड आहे असा ग्रह झाला. पुराचे पाणी काही दिवसांत निघून जाते. मे महिन्यात नदीस आधार देतो तो भूगर्भातून पाझरणारा झरा. काठावरील विहिरी व कूपनलिकांनी तोही आधीच उपसलेला असतो.