वारणेच्या खोऱ्याचा कादंबरीकार



इंग्लंडात टॉमस हार्डी नावाचा थोर कादंबरीकार होऊन गेला. तो गवंड्याचा मुलगा. आपल्या मुलखाला 'वेसेक्स' हे जुने नाव देऊन तेथल्या मेंढपाळांना आणि मजुरांना त्याने साहित्यात अढळ स्थान दिले. आपला हार्डी मात्र कुंडलाहून कृष्णा ओलांडली की भेटतो. वाळवे तालुक्यातील वाटेगाव हे त्याचे गाव. अण्णा भाऊ साठे हे त्याचे नाव.

१ ऑगस्ट १९२० रोजी मांगवाड्यात जन्मलेला हा मुलगा शाळेत दीडच दिवस गेला, असे सांगतात. पुढे वडिलांबरोबर तो पायी मुंबईस गेला. मिळेल ती मजुरी केली, गिरणीत राबला. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्याने लाल बावटा कलापथक उभारले. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत बसून त्याने वारणेचे खोरे कागदावर उतरविले.

'फकिरा' १९५९ साली निघाली, १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. अण्णा भाऊंच्या काही कादंबऱ्यांत घाई दिसते, योगायोगही फार, हे आम्ही नाकारीत नाही. पण 'फकिरा'त त्यांनी जे केले, त्याचे मोल कुंडलकरांना सांगावयास नको.

जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. तो पुढे मुंबई इलाख्यालाही लागला आणि १९५२ साली रद्द झाला. सरकारी दप्तराच्या लेखी फकिरा हा दरोडेखोर. अण्णा भाऊंनी विचारले, दुष्काळात पोरेबाळे अन्नावाचून तडफडत असता धान्य लुटून वाटणारा चोर कसा? हाच फकिरा अखेर आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो.

मंडळी, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटणारी तुफान सेनेची माणसे याच मातीतली. त्यांनाही सरकारने दरोडेखोरच म्हटले होते. त्यांचे पोवाडे आपण गातो. मग फकिराच्या वाड्यावस्तीकडे परक्या नजरेने कसे पाहावे?

१८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, अण्णा भाऊ मुंबईत वारले. त्यांच्या जयंतीला मिरवणुका निघतात, त्या निघोत. परंतु गावच्या वाचनालयातील 'फकिरा'ची प्रत हातोहाती फिरून जीर्ण व्हावी, आणि ती सर्व आळ्यांतून फिरावी, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.