नव्या दिवाणखान्यांतील जुनी माती



घराच्या सजावटीची पुढील चाल कशी असेल, हा प्रश्न हल्लीं सुखवस्तु कुटुंबांत लग्नकार्याच्या बेताइतक्याच गांभीर्यानें चर्चिला जातो. दर वर्षीं एखादा रंग निवडून जाहीर करणाऱ्या पँटोन या अमेरिकन कंपनीनें २०२५ सालाकरितां जो रंग ठरविला, त्याला तिनें ‘मोका मूस’ असें नांव दिलें होतें. नांवाला भुलूं नये. आपल्या आजीनें सणाच्या आदल्या दिवशीं सारवलेली भिंत अर्धवट वाळली म्हणजे जशी दिसे, तसाच हा तपकिरी रंग आहे. त्याच्या जोडीला आतां चुन्याचा गिलावा, न घांसलेला दगड, भाजलेल्या मातीच्या फरशा, भिंतींतले कमानदार कोनाडे, बांधीव ओटे आणि दिवाणखान्यांत झोपाळा, अशी सगळी मांडणी येऊं लागली आहे. आरशासारख्या चकचकीत फरशीला लोक कंटाळले, याचा मला आनंदच होतो. परंतु ज्या घराची आपण चौथ्या मजल्यावर नक्कल करूं पाहतों, तें मूळचें घर कोठें आणि कां तसें उभें राहिलें, हें आधीं पाहावयास हवें.

बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूस निघालें कीं बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार लागतें. मन्मथस्वामींची समाधि तेथें आहे. कार्तिकांत लिंगायत समाजाची मोठी यात्रा भरते आणि पावसाळ्यांत कड्यावरून पाण्याची धार कोसळते. क्षेत्राचें माहात्म्य हा आजचा विषय नव्हे. वाटेवरच्या व भोवतालच्या मुलुखांत जुन्या पद्धतीचीं माळवदाचीं घरें तुरळक उरलीं आहेत, त्यांच्याकडे मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. काळ्या दगडाच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती; आंत लांकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा थर, हें माळवद. दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण. घर केवढें, असें कोणी विचारलें कीं उत्तर चौरस फुटांत येत नसे, इतक्या खणांचें म्हणून येई.

या घरांत शोभेकरितां म्हणून फारसें कांहीं नव्हतें, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. भिंत जाड, म्हणून तिच्या पोटांत देवळी सहज निघे. तींत दिवा ठेवला कीं वारा लागत नसे. धान्य सांठविण्यास भिंतीच्या आडोशाला बळद असे. खिडक्या थोड्या, कारण बाहेर वैशाखाचें ऊन आणि चोरांचें भय. म्हणून उजेड छताला ठेवलेल्या साण्यांतून खालीं उतरे. तो उजेड दिवसभर जमिनीवरून सरकत राही. तितका सौम्य उजेड आजच्या छतांत लपविलेल्या दिव्यांनीं येत नाहीं, असें माझें मत आहे. ज्या मुलुखांत पारा चाळिशी ओलांडतो, तेथें दुपारीं हें घर थंड राही, कारण मातीच्या जाडीतून उष्णता आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होई.

पण याच जाडीची दुसरी बाजू आहे. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं माळवदावर नवी माती टाकीत. जुनी कोणी सहसा काढीत नसे. कांहीं पिढ्यांत थर दीड-दोन फुटांवर जाई. शंभर चौरस फुटांच्या लहानशा खोलीवर दीड फूट माती म्हणजे सुमारें सात टन ओझें झालें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहांटे, चार वाजण्याच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सास्तूर या भागांत धरणी हादरली. बीड जिल्ह्याला लागूनच असलेला हा मुलूख. दगडाच्या भिंती बाहेरून आणि आंतून दोन पदरांच्या. मध्यें खडी-माती भरलेली. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाहींच. ते पदर सुटले, आणि वरची माती झोंपलेल्या माणसांवर आली. आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं. जेथें छताचा भार भिंतीवर नसून लांकडी खांबांवर होता, तेथें पुष्कळ ठिकाणीं भिंती ढासळल्या तरी छत उभें राहिलें. त्यानंतर कित्येक वर्षें तेथील लोक दगडी घरांत झोंपण्यास भीत असत. त्यांना त्या दगडाची ‘नैसर्गिक शोभा’ सांगावयास कोण जाणार?

म्हणून शेतावर हौसेचें मातीचें घर बांधणाऱ्या शहरवासीयांस माझें आग्रहाचें सांगणें आहे. भिंत दगडमातीची हवी असेल तर जरूर बांधा. पण थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या दोन्ही तोंडांना जोडणारे आरपार दगड घाला, आणि जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर व छताखालीं सलग पट्टा फिरवा. अशा बांधकामाकरितां भारतीय मानक संस्थेनें १९९३ सालींच मार्गदर्शक नियम छापले आहेत. गवंड्यास ते ठाऊक असतील असें गृहीत धरूं नका. छतावर मात्र मातीचा ढीग नको. गारवा दुसऱ्या वाटेनेंहि येतो: स्लॅबवर उन्हाळ्यापूर्वीं चुन्याची पांढरी सफेदी द्यावी, पश्चिमेच्या बाजूस ओसरी काढावी. अहमदाबाद शहरानें २०१७ सालीं गोरगरिबांच्या वस्त्यांतील छतें पांढरीं करण्याचा उपक्रम हातीं घेतला होता, तो याच तत्त्वावर.

आतां सदनिकेंत राहणाऱ्यांविषयीं. देवळीचा मोह सर्वांनाच होतो. पण हल्लींच्या अनेक उंच इमारतींत खोल्यांच्या भिंतीहि काँक्रीटच्या ओतीव असतात आणि त्याच सगळ्या मजल्यांचा भार वाहतात. कोनाड्यासाठीं तेथें छिन्नी चालविली तर किल्लारीचीच चूक निराळ्या पद्धतीनें होईल. कोनाडा हवाच असेल तर भिंतीपुढें उथळ लांकडी कपाट उभें करून त्यांत काढावा. त्याला देवळी म्हणवणार नाहीं, पण समई ठेवतां येईल. झोपाळ्याच्या कड्या कोठें बसवाव्या हें सजावटकारास न विचारतां बांधकामाच्या अभियंत्यास विचारावें. चुन्याचा रंग देण्यापूर्वीं भिंतीवरचा जुना प्लास्टिक रंग खरवडून काढावा लागतो. तसें न केल्यास वर्षभरांत पोपडे सुटतात आणि दोष मात्र चुन्याला लागतो.

जमिनीकरितां परदेशी दगडामागें धांवण्यापूर्वीं शहाबादी फरशी एकदां अनवाणी पायांनीं चालून पाहावी. कलबुर्गीकडची ही फरशी मराठवाड्यांतील घरांत, शाळांत आणि देवळांच्या ओवऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि मे महिन्यांत तिच्यावर नुसतें आडवें होण्याचें सुख ज्यांनीं घेतलें आहे त्यांना अधिक सांगावयास नको. स्वयंपाकाच्या ओट्यावर मात्र ती घालूं नये. दगड चुनखडीचा असल्यामुळें लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ सांडला कीं तो डाग धरतो, आणि मग साबणानें कितीहि घांसलें तरी डाग जात नाहीं. तेथें ग्रॅनाइट बरा.