अचानक की हळूहळू?



मी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकारांचा डॉक्टर. साकीनाक्याला माझा दवाखाना आहे. खैरानी रोडवरच्या कारखान्यांतले कामगार, नाक्यावरचे रिक्षावाले, चांदिवलीच्या सोसायट्यांमधले निवृत्त गृहस्थ, असल्फाच्या टेकडीवरच्या गृहिणी, असे सगळ्या थरांतले लोक येतात. भाषा वेगवेगळ्या, पण तक्रारी त्याच. ‘हाताला मुंग्या येतात’, ‘डोकं दुखतं’, ‘विसरायला होतं’, ‘नस दबली आहे का बघा’. त्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. हे अचानक झालं, की हळूहळू?

काही जणांना या प्रश्नाचा राग येतो. एमआरआयची जाडजूड फाइल पुढे ठेवलेली असते आणि डॉक्टर ती उघडतही नाहीत! पण या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मं निदान असतं. मेंदूचा त्रास एका क्षणात सुरू झाला, तर बहुधा रक्तपुरवठ्यात किंवा मेंदूतल्या विद्युतप्रवाहात बिघाड असतो. महिनोन् महिने वाढत गेला, तर एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, नसेवरचा दाब किंवा पेशींची झीज अशी कारणं शोधावी लागतात. अडचण अशी, की आपण नेमकं उलटं वागतो. मुंग्या आल्या की घाबरून धावत येतो आणि तोंड वाकडं झालं की ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणतो. आज मला या उलट्या सवयीबद्दलच बोलायचं आहे.

अंगावरून वारं जातं तेव्हा

असल्फाच्या टेकडीवर राहणारे एक काका. वय अठ्ठावन्न. पहाटे पाणी भरायला उठले, हातातली कळशी सुटली. बोलायला गेले तर शब्द जड येऊ लागले. घरच्यांना वाटलं, झोप झाली नसेल. त्यांना पुन्हा निजवलं. सातच्या सुमारास उजवा हात उचलेना, तेव्हा शेजारच्या आजींनी तेल चोळलं. कुणी चमच्याने साखरपाणी पाजलं. कुणी कबुतराचं रक्त लावायचा सल्ला दिला. आठ वाजता जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावलं. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजले होते. घरातलं प्रत्येक माणूस मायेनेच वागलं. त्या मायेत सात तास गेले. काका आज बोलतात, पण उजव्या हाताने त्यांना घास घेता येत नाही.

पक्षाघात म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्याच्याकडे शिल्लक साठा नसतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की त्या भागातल्या पेशी मरू लागतात. अमेरिकेतल्या डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली याचा हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.

हा आजार आपल्या शहराला नवा नाही. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ या दोन वर्षांत मुंबईतल्या एका ठरावीक भागाची पाहणी केली. दीड लाखाहून थोड्या जास्त वस्तीत पहिल्यांदाच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले. त्यांतल्या सुमारे ८० टक्के रुग्णांना गुठळीमुळे झटका आला होता. दहांपैकी जवळजवळ तीन रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले.

पूर्वी आम्ही डॉक्टरही हात बांधून बसत होतो. १९९५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने दाखवून दिलं, की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत दिलं तर अपंगत्व टळू शकतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ नंतर मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून नळी घालून मोठी गुठळी बाहेर काढण्याचे उपचार रूढ झाले. निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंतही उपयोगी पडतात. पण उपचार कोणताही असो, जितका लवकर तितका फायदा अधिक.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. चेहरा: हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का? हात: दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का? बोलणं: साधं वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळते का? आणि चौथी वेळ: यांतलं एकही लक्षण अचानक दिसलं तर घड्याळ बघा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा. रुग्णालयात पोचल्यावर आम्ही सगळ्यात आधी तेच विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘सकाळी कधीतरी’.

अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू होणं, हीही त्याच यादीतली लक्षणं.

काय करू नये, तेही सांगतो. तोंडाने पाणी किंवा औषध देऊ नका. गिळण्याची ताकद गेली असेल तर ते फुप्फुसात जातं. ‘रक्त पातळ होतं’ म्हणून ॲस्पिरिन देऊ नका. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅन केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने घात होतो. रक्तदाब वाढलेला दिसला तरी घरातली गोळी देऊन तो घाईने उतरवू नका.

साकीनाक्याच्या संध्याकाळच्या वाहतुकीबद्दल वेगळं सांगायला नको. २०१४ साली मेट्रो सुरू झाली, तरी खालचा रस्ता भरलेलाच असतो. टेकडीवरच्या गल्लीत स्ट्रेचर वळत नाही. माणसाला खुर्चीत बसवून किंवा चादरीच्या झोळीतून खाली आणावं लागतं. रस्ता आपल्या हातात नाही. पण या दवाखान्यातून त्या दवाखान्यात हिंडण्यात जाणारा वेळ आपल्या हातात आहे. घराजवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन होतो आणि हे इंजेक्शन मिळतं, याची चौकशी आजच करून ठेवा. ते नाव आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक दाराच्या मागे लिहून ठेवा.

आणखी एक धोका. कधी कधी हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. माणूस सुटकेचा निःश्वास टाकून कामाला जातो. ही सुटका नसते, पूर्वसूचना असते. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

फीट आली तर

अचानक घडणारी दुसरी गोष्ट म्हणजे फीट, आकडी. भर नाक्यावर एखादा माणूस कोसळतो, हातपाय झाडतो. गर्दी जमते. कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडतो, कुणी मुठीत किल्ली कोंबतो. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. श्रेय मात्र चपलेला मिळतं!

करायचं एवढंच. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. गळ्याजवळचे कपडे सैल करा. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ इथेही बघा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, शुद्धीवर न येता दुसरा आला, आयुष्यातला पहिलाच झटका असला, किंवा रुग्ण गरोदर बाई असली, तर तातडीने रुग्णालयात न्या.

अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. तो बाहेरची बाधा नाही, वेड नाही आणि संसर्गजन्यही नाही. नियमित गोळ्यांनी दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. तरीही मुलीला फीट येते ही गोष्ट लग्नाआधी लपवली जाते. मग सासरी गोळ्या कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती त्या बंद करते आणि पहिल्याच महिन्यात झटका येतो. असे किती तरी संसार मी पाहिले आहेत. म्हणून आवर्जून सांगतो. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार ही लग्नाच्या आड येणारी अट होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली गेली. कायद्याने मोकळं केलं आहे, आता आपण मनाने मोकळं व्हायला हवं. आजार सांगूनच लग्न करा. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण काही औषधं गर्भाला बाधतात आणि ती वेळेवर बदलता येतात. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

मुंग्या, विसरभोळेपणा आणि बधिर चट्टा

आता हळूहळू येणाऱ्या तक्रारी. इथे धावपळ नको, पण चालढकलही नको.

शिलाई मशिनवर किंवा पॅकिंगचं काम करणाऱ्या बायकांना रात्री हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. यात बहुधा मनगटात नस दबलेली असते. सुरुवातीला रात्री मनगटाला पट्टा बांधून आणि कामाची पद्धत बदलून भागतं. दोन्ही पायांच्या बोटांपासून मुंग्या वर चढत असतील तर आधी रक्तातली साखर तपासा.

आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळलं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त, ८१ टक्के होतं! बी-१२ फक्त प्राणिज अन्नातून मिळतं. शाकाहारी माणसाची भिस्त दूध-दह्यावरच. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ते घटू शकतं. याच्या कमतरतेने मुंग्या येतात, तोल जातो, स्मरणशक्तीही मंदावते. वेळीच भरून काढलं तर सुधारणा होते. फार उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. हा मुळात नसांचा आजार आहे. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं आणि वेळेवर घेतलं तर बोटं वाकडी होत नाहीत. लाज वाटून चट्टा झाकू नका.

किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. पण रोजच्या वाटेवर चुकणं, हिशेब न जमणं, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणं हे सहा महिन्यांत वाढत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. थायरॉइड, बी-१२ किंवा मनाची उदासी यांतलं एखादं बरं होणारं कारण सापडतं.

डोकेदुखी वर्षानुवर्षं तशीच असेल तर ती बहुधा अर्धशिशी किंवा ताणाची असते. प्रत्येक डोकेदुखीला एमआरआय लागत नाही. महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्याच डोकेदुखीचं कारण होतात. मात्र सोबत ताप आणि मान आखडणं असेल, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली असेल, तर थांबू नका.

आधीच काय करावं?

‘सहा महिन्यांनी एक सलाईन घेतलं की लकवा येत नाही’ या समजुतीला कोणताही आधार नाही. त्या पैशांत रक्तदाबाच्या गोळ्या येतात. पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाब हेच आहे आणि तो दुखत नाही. तिशीनंतर वर्षातून एकदा तो मोजा. मिश्री, तंबाखू, विडी सोडा. गोळी ‘आता बरं वाटतं’ म्हणून बंद करू नका.

काकांची गोष्ट अर्धी राहिली. त्यांच्या शेजारच्या घरात वर्षभराने तसाच प्रसंग आला. काकांच्या पत्नीने शेजाऱ्याचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि कुणालाही तेल आणू दिलं नाही. हातावर पेनने वेळ लिहिली, साडेनऊ. चार पोरांनी खुर्चीवरून त्यांना खाली आणलं. सव्वा तासात ते रुग्णालयात होते. त्यांना इंजेक्शन मिळालं. हात अजून थोडा अशक्त आहे, पण शर्टाची बटणं ते स्वतः लावतात. मावशी मला म्हणाल्या, “डॉक्टर, आमच्या ह्यांच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर?”

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणूनच आज एवढं सविस्तर बोललो. आपण हे आज घरात आणखी एकाला सांगा.