शेवटचा माणूस वर येईपर्यंत

(धावणाऱ्या गटांच्या संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण, सातारा)



रात्रीच्या एसटीनं आलेले तुमच्यातले काही जण सामान खोलीवर टाकून पहाटेच अजिंक्यताऱ्यावर जाऊन आले, असं मघाशी कळलं. ऐकून फार बरं वाटलं. या गावात पाहुण्याला आधी किल्ला दाखवतात आणि मग कंदी पेढा देतात. तुम्ही पहिलं काम आपणहून केलंत, दुसरं आमच्याकडे लागलं.

स्वागताध्यक्षानं आपल्या भूमीचं महत्त्व सांगावं, अशी रीत आहे. थोडक्यात सांगते. 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावची. प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारा हा तालुका. तिथली मुलगी 2016 साली रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंदांत धावली, राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय स्त्री दिसली ती पी. टी. उषांनंतर 32 वर्षांनी. या दोघांचा आम्हाला अभिमान आहे. पण आजचं संमेलन पदकांचं नाही. या सभागृहातल्या बहुतेकांना कधी पदकाच्या चौथऱ्यावर उभं राहायचं नाही. तरीही आपण पहाटे साडेचारचा गजर लावतो. तो कशासाठी लावतो, याबद्दल मला बोलायचं आहे.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. 2014 साली माझे पती गेले. त्यानंतरचे चार-पाच महिने मला नीट आठवत नाहीत. स्वयंपाक दोघांचा व्हायचा आणि एकाचा टाकावा लागायचा, एवढं आठवतं. येणारे-जाणारे सांगायचे की मन घट्ट करा, कशात तरी गुंतवून घ्या. त्यांचं चुकत नव्हतं, पण मला उठवत नव्हतं. शेजारच्या वहिनी एक दिवस पहाटे आल्या. त्यांनी काही समजावलं नाही, नुसत्या चपला पुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, चार भिंतीपर्यंत जाऊन येऊ. तेव्हा मी पन्नाशीची होते. चार भिंती म्हणजे इथली टेकडीवरची एक जागा; त्या चढाला मी सात ठिकाणी थांबले.

वर आठ-दहा जण उभे होते. धावून आलेले, घामानं भिजलेले. ते खाली का उतरत नाहीत, मला कळेना. वहिनी म्हणाल्या, शेवटचा माणूस वर आल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असा आमच्या ग्रुपचा नियम आहे. त्या दिवशी शेवटचा माणूस मी होते. कुणीतरी माझी वाट पाहत थांबलंय, ही गोष्ट कित्येक महिन्यांनी घडत होती.

पुढे चालण्याचं धावणं झालं. आधी या दिव्याच्या खांबापासून त्या खांबापर्यंत, मग दोन खांब, मग पोवई नाक्यापर्यंत न थांबता. एका पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात, धुकं इतकं की पुढच्याचा फक्त शर्ट दिसावा, तेव्हा एका वळणावर मला रडू फुटलं. सोबतच्या दोघींनी मला थांबवलं नाही, गप्प बसवलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. त्यांनी फक्त वेग कमी केला. आम्ही तशाच धावत राहिलो आणि मी पहिल्यांदा माझ्या पतींविषयी, घरातल्या शेवटच्या रात्रीविषयी बोलले. समोरासमोर बसून मला ते कधीच बोलता आलं नसतं. शेजारी शेजारी धावताना दोघांची नजर रस्त्यावर असते. डोळ्यांत पाहावं लागत नाही, उत्तर द्यावं लागत नाही, आणि दम लागला की आपोआप थांबता येतं. इथल्या अनेकांनी आपापल्या घाटात हे अनुभवलं असेल, याची मला खात्री आहे.

नंतर एकदा मी सलग दोन दिवस गेले नाही. आजारी नव्हते, अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं इतकंच. तिसऱ्या दिवशी पाच वाजता फाटकाशी तिघे उभे. का आला नाहीत, असं कुणी विचारलं नाही. आज जेवढं चालायचं तेवढं चालू, एवढंच म्हणाले. मित्रहो, आपल्या गटांमध्ये माणसं सावरतात ती या फाटकाशी. धावण्यानं रक्ताभिसरण सुधारतं, झोप लागते, साखर ताब्यात राहायला मदत होते, हे सगळं खरं आहे आणि उद्या डॉक्टर मंडळी ते नीट सांगतील. पण एकट्यानं ट्रेडमिलवर धावूनही ते मिळतं. आपली गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात येणं, हे मात्र यंत्रावर मिळत नाही.

सोबतीच्या या बळाला विज्ञानाचाही थोडा आधार आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात वल्हेकरी संघातल्या खेळाडूंवर एक छोटा प्रयोग झाला होता. 2010 च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. तेच खेळाडू, वल्हवण्याचं तेच यंत्र, तेवढीच मेहनत; एकदा एकट्यानं आणि एकदा सगळ्यांनी मिळून एका लयीत. नंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली, तेव्हा मिळून वल्हवल्यावर ती अधिक भरली. माणसं मोजकी होती, तेव्हा त्यातून फार मोठा सिद्धांत काढू नये, हे गणिताची शिक्षिका म्हणून मी आधीच सांगते. पण ज्यानं घाटाचं शेवटचं वळण गटासोबत चढलंय, त्याला हा निष्कर्ष पटवून द्यावा लागणार नाही.

आणि आपल्या मातीला तर हे मिळून धावणं फार जुनं आहे. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, आणि पुढे सोलापूर जिल्ह्यात वेळापूरच्या अलीकडे 'धावा' होतो. तिथल्या उंचवट्यावरून तुकोबांना मंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरीच्या दिशेनं धावत सुटले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. म्हणून आजही तिथं हजारो माणसं उतारावरून धावतात. नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात. पायात साध्या चपला, कुणाच्या पायात त्याही नाहीत. कुणी वेळ लावत नाही. मी तो धावा डोळ्यांनी पाहिलाय. सत्तरीच्या एक आजी धावून थांबल्या, धाप लागलेली आणि चेहरा लख्ख उजळलेला. सामूहिक धावणं आपण परदेशातून आणलं असं कुणी म्हटलं की मला त्या आजी आठवतात.

साताऱ्याच्या पहाटेत आणखी एक धावणारा वर्ग आहे. भरतीची पोरं. या जिल्ह्यातल्या अपशिंगेसारख्या गावानं पिढ्यान् पिढ्या सैनिक दिले. गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा जोडला गेला. आजही खेड्याखेड्यांतून मुलं-मुली अंधारात रस्त्यावर असतात. त्यांची भाषा वेगळी. आपण हाफ, फुल, पीबी म्हणतो; ती 'सोळाशे' म्हणतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत, यावर त्यांचं पोट ठरणार असतं. दोन सेकंदांनी हुकून घरी परतलेला मुलगा गावात तोंड चुकवत फिरतो. वय निघून चाललेलं असतं, घरात कर्ज असतं. आमच्या गटानं काही वर्षांपूर्वी अशा मुलांना रविवारच्या लाँग रनला बोलवायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं होतं, आपण त्यांना आधार देऊ. प्रत्यक्षात त्यांनी आम्हाला चढावर पाऊल कसं टाकायचं ते शिकवलं, आणि आम्ही त्यांना एकच गोष्ट देऊ शकलो: कुणी वेळ मोजत नाही असा धावण्याचा एक दिवस. त्यातला एक मुलगा तीनदा नापास झाला होता. आज तो तालुक्याच्या गावी लहान मुलांना पळायला शिकवतो. तो या सभागृहात मागे बसला आहे. त्याचं नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही.

2012 पासून इथं सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तुमच्यातले निम्मे लोक ती धावले आहेत. 21 किलोमीटर, अर्धं अंतर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेनं जायचं आणि त्याच रस्त्यानं परतायचं. मला या शर्यतीत सगळ्यात काय आवडत असेल, तर हे त्याच रस्त्यानं परतणं. पुढचे जोरात उतरत असतात तेव्हा मागचे अजून चढत असतात. दोघं एकमेकांना पाहतात. उतरणारा हात वर करून ओरडतो, 'चला काका, थोडंच राहिलंय!' थोडं राहिलेलं नसतं, हे काकांनाही कळतं. तरी काकांची पावलं उचलतात.

कोविडची दोन वर्षं मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. रस्ते बंद झाले, तेव्हा लोक गच्चीवर, अंगणात आठ-आठ पावलांच्या फेऱ्या मारत होते. मग धावणारे गट डबे पोचवू लागले, रक्तदान करू लागले, ऑक्सिजनसाठी रात्रभर फोन करत बसले. रस्ते पुन्हा खुले झाले तेव्हा आमच्या गटातले तिघे नव्हते. पहिल्या रविवारी आम्ही चार भिंतीला गेलो आणि नेहमीसारखे वर थांबलो. शेवटचा माणूस येऊन पोचला होता, तरी बराच वेळ कुणी खाली उतरेना.

आता थोडं परखड बोलते. घरचीच माणसं आहात, म्हणून बोलते.

गट मोठे झाले, तसं टायमिंगचं वजन वाढलं. ग्रुपवर रोज आकडे पडतात, आणि नव्यानं आलेली, अजून दोन किलोमीटरला थांबणारी बाई ते वाचून चौथ्या दिवसापासून येत नाही. महागडे बूट आणि भरमसाट प्रवेशफी यांच्यामुळे ज्यांना धावण्याची सर्वांत जास्त गरज आहे, तेच बाहेर राहतात. बायकांचं तर विचारूच नका. सहाला नळाला पाणी येतं, सातला डबा, साडेसातला मुलांची शाळा. त्यात रस्त्यावर दिवे नाहीत, कुत्री आहेत, आणि कुत्र्यांपेक्षा वाईट नजरा आहेत. पहाटे पाचचीच वेळ धरून बसलो, तर आपण निम्मं गाव दाराबाहेर ठेवतो. काही गटांनी सकाळी साडेनऊची तुकडी सुरू केली आहे, डबे-शाळा उरकल्यावरची. मला ती फार मोलाची वाटते.

दुसरं असं की धावणं हे सगळ्यावरचं औषध नाही. खोल नैराश्यातल्या माणसाला 'चल पळायला, सगळं ठीक होईल' असं सांगणं क्रूरपणाचं ठरू शकतं. त्याला डॉक्टरांकडे न्यावं, औषधं चालू असतील तर ती चालू ठेवायला सांगावं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक प्रत्येक गटाच्या फलकावर असावा. तिसरं असं की एका शर्यतीत आमचा एक मित्र समाप्तीरेषेच्या अलीकडे कोसळला, तेव्हा आजूबाजूच्या वीस जणांपैकी छाती कशी दाबायची हे एकालाच येत होतं. त्या एकामुळे तो वाचला. सीपीआर उद्या दुपारच्या सत्रात शिकवणार आहेत. जेवणानंतरची वेळ आहे, तरी कुणी खोलीवर जाऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

या संमेलनासाठी शाळेनं वर्ग दिले, महिला बचत गटानं स्वयंपाक हाती घेतला, भरतीची पोरं गेले तीन दिवस मंडपात राबत आहेत. कुठं काही कमी पडलं तर ते माझ्या कानावर घाला.

उद्या पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर जमायचं आहे. बिब नाहीत, वेळ लावणारी चटई नाही, क्रमांक नाहीत. पाणी पिंपात भरून ठेवलेलं असेल, पेला आपला आपण आणायचा आहे. यवतेश्वरापर्यंत ज्याला धावता येईल त्यानं धावावं, ज्याला चालता येईल त्यानं चालावं. सगळ्यांत मागे मी असेन. वर पोचलात की देवळापाशी थांबा, आम्ही येतोच आहोत.