लेकरू ठेवायचे कुठे?

(मराठवाड्यातील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



पाळणाघर आणि बालवाडी हा काय चळवळीचा विषय आहे, असे काहीजणींना वाटेल. मारहाण, हुंडा, परित्यक्तांचे प्रश्न सोडून हे कशाला? पण गेले वर्षभर नांदेड आणि लातूरमधल्या बायकांना आम्ही विचारत होतो, की कामाला जाताना लेकरू कुठे ठेवता आणि ते ठरवता कसे? त्यातून जे ऐकले, ते आपलेच प्रश्न आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, उत्तरे फक्त आयांनी दिली. बापांना विचारले तर ते म्हणत, "तिलाच विचारा." जागा तिने शोधायची, सोडायचे-आणायचे तिने, ताप आला तर रजा तिची. आणि फीसुद्धा तिच्याच पगारातून वजा होते. नांदेडच्या एका परिचारिकेच्या घरी असा हिशेब मांडला गेला, की पगारातून पाळणाघर आणि रिक्षा गेली तर उरते काय? त्यापेक्षा घरीच बस. मी विचारले, लेकरू दोघांचे, मग फी दोघांच्या पगारांतून का वजा होत नाही? घरात कुणाला उत्तर देता आले नाही. पाळणाघर हा बाईच्या नोकरीचा खर्च नाही, तो घराचा खर्च आहे. एवढे जरी आपण घरोघरी नेले तरी पुष्कळ नोकऱ्या वाचतील.

दुसरी गोष्ट वयाची. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली, म्हणजे सहा महिने. अंगणवाडीचे पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून. मधली अडीच वर्षे लेकराने कुठे काढायची? ५० किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असेही त्या दुरुस्तीत आले. पण आपल्याकडच्या कपड्याच्या दुकानात, खाजगी दवाखान्यात, लहानशा डाळमिलमध्ये पन्नास माणसे असतात कुठे? आणि धुणीभांडी करणारीला, सोयाबीन खुरपायला जाणारीला तर रजाच नाही. तिचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

ही अडीच वर्षे भरून काढतात दोघीजणी. एक म्हातारी आणि दुसरी थोरली पोरगी. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलीला शाळेचा हक्क दिला, पण तिच्या कडेवरचे भावंड कुणी घ्यायचे ते सांगितले नाही. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचे तर विचारूच नका. तान्हे लेकरू फडाच्या कडेला पाचटावर, आणि राखायला सात वर्षांची बहीण. इथे 'निवड' हा शब्दच खोटा आहे.

निवड करता येते ती शहरातल्या पगारदार घरांना. ते काय निवडतात? लातूर पॅटर्नचे कौतुक आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्याची झळ आता तीन वर्षांच्या लेकराला लागते आहे. आई-बाप पहिल्यांदा विचारतात ते इंग्रजी कधी सुरू होते, लिहायला कधी लावता. वास्तविक लेकरांवरचे हे ओझे कमी करा, असे यशपाल समितीने १९९३ सालीच सांगितले होते. त्याआधी ताराबाई मोडकांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांबरोबर दाखवून दिले, की खेळ, गाणी, माती-पाणी हेच या वयाचे शिक्षण. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' जन्मली. आज पैसेवाले फी भरून जे 'खेळातून शिक्षण' विकत घेतात, ते मुळात पाड्यावरच्या लेकरांसाठी उभे राहिले होते.

मग बघायचे काय? बायकांच्या अनुभवांतून आम्ही काही प्रश्न काढले आहेत. एका बाईकडे किती लेकरे? न सांगता मधल्या वेळी आले तर आत येऊ देतात का? संडासला लेकरू कोण नेते, तिथे दार-कडी कशी आहे? पाणी कुठले? दुपारी झोपले नाही तर काय करतात? घरी आल्यावर लेकरू काय सांगते, ते कुणी ऐकून घेते का? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. त्यानंतर अनेकींनी भीतीने नोकरी सोडण्याचा विचार केला. भीती खरी आहे, पण तिचे उत्तर बाईला घरी बसवणे नव्हे. पालकांनी एकत्र येऊन देखरेख ठेवणे, हे तिचे उत्तर.

आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही. सांभाळणाऱ्या बाईला पगार किती? लातूरच्या एका पाळणाघरातली ताई मला म्हणाली, "दिवसभर वीस लेकरं बघते, माझं लेकरू शेजारणीकडं टाकून." एकीची नोकरी दुसरीच्या स्वस्त मजुरीवर उभी राहणार असेल तर ती कसली मुक्ती? जी बाई स्वतः दमलेली, अपमानित आहे, तिच्याकडून मायेची अपेक्षा तरी कशी करायची? अंगणवाडी ताईंचेही तेच. १९७५ पासून योजना चालते, पण सरकारच्या हिशेबी त्यांना पगार नाही, 'मानधन'. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागला. डिसेंबर २०२३ पासून आपल्या राज्यात त्यांनी जवळजवळ पन्नास दिवस संप केला. तेव्हा किती आई-बाप त्यांच्या मागे उभे राहिले?

लेकरू सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, हे एकदा कायद्याने मान्य केलेले आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात असे होते, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक लेकरे असतील तर एका बाईला मजुरी देऊन त्यांच्याजवळ बसवावे. प्रत्यक्षात किती ठिकाणी बसवली, ते इथल्या मजूर बायकांनीच सांगावे. पण तत्त्व आपल्या हाती आहे.

म्हणून माझी सूचना अशी. अंगणवाडी कामाच्या पूर्ण वेळेइतकी चालावी, आणि तिथे सहा महिन्यांपासूनचे लेकरू ठेवता यावे. त्यासाठी वेगळी मदतनीस आणि योग्य पगार हवा. साखर कारखान्याने फडाजवळ पाळणाघर चालवावे. खाजगी पाळणाघरांवर पालकांची समिती असावी. आणि आपल्या प्रत्येक गटाने आपापल्या वस्तीत सहा वर्षांखालची लेकरे किती, दिवसभर ती कुणाजवळ असतात, आणि त्यांच्यामुळे किती पोरींची शाळा सुटली, याची यादी करावी. ती यादी घेऊन पंचायत समितीवर आणि नगरपालिकेवर जाऊ. नुसते निवेदन फाईलला लागते. नावानिशी यादी पुढे ठेवली की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

एवढे बोलून थांबते. आता तुम्ही बोला.