जुन्या मोटारीचे अडलेले कुलूप



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काही मंडळींना हसू आले असेल. कुलुपावर व्याख्यान ते काय! पण ज्यांच्या दारात जुनी फियाट किंवा अँबॅसेडर उभी आहे, ते हसले नसतील. २०२१ च्या नियमाप्रमाणे नोंदणीला पन्नास वर्षे झालेली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अशा गाडीची किल्ली अडली की मालक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे जोर. आणि तेथेच घात होतो.

एका किल्लीवर आपण किती कामे लादली आहेत ते पाहा. १९१२ साली कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा त्रास गेला. तरी पुष्कळ काळ स्टार्टरचे बटण निराळेच असे. क्रायस्लरने १९४९ साली किल्ली फिरवूनच इंजिन चालू करण्याची सोय दिली. पुढे चोरांच्या भयाने चाकाचा दांडा अडकवणारी खिट्टीही त्याच कुलुपात आली. म्हणजे दर्शनी भोक एक, आणि आत तीन यंत्रे : किल्ली ओळखणारा गाभा, त्यामागे विजेचा खटका, आणि काही गाड्यांत ही खिट्टी. अडते कोण, हे आधी शोधले पाहिजे.

किल्ली आत जाते, पण फिरत नाही. अशा वेळी स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवीत किल्ली फिरवून पाहावी. सुटली, तर गाभा निर्दोष आहे. चाकांचा ताण खिट्टीवर आला होता, इतकेच. नाही सुटली, तर जपून ठेवलेली दुसरी किल्ली लावावी. तिने काम झाले, तर दोष रोजच्या किल्लीचा. गाभ्यात स्प्रिंगवर बसवलेल्या लहान पितळी पट्ट्या असतात. किल्लीच्या खाचा त्यांना एका रेषेत आणतात, तेव्हाच गाभा फिरतो. खाचा झिजल्या की पट्ट्या अर्ध्यावर राहतात. झिजक्या किल्लीवरून नवी कातून घेणारे पुष्कळ आहेत; ते झिजेचीच नक्कल विकत घेतात!

दोन्ही किल्ल्या अडल्या, तर गाभ्यात मळ आहे असे समजावे. आपल्याकडे याला रामबाण उपाय म्हणजे तेलाचे दोन थेंब. चार दिवस बरे वाटते, मग तेलाला धूळ चिकटून राबडी होते. मळ धुऊन, कोरडे करून ग्रॅफाइटची पूड चिमूटभर फुंकावी. चिमूटभरच, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि मागेच विजेचा खटका आहे.

सर्वांत वाईट प्रकार निराळा. इंजिन चालू होते, पण सोडलेली किल्ली स्टार्टरच्या जागेवरून मागे येत नाही. मग स्टार्टर इंजिनाबरोबर फिरत राहतो आणि जळतो. किल्ली हाताने मागे आणावी. येत नसेल, तर बॅटरीची तार सोडवावी. पुढे मेकॅनिककडून खटका गाभ्यापासून वेगळा करून स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून पाहावा. तो एकटाही जड फिरत असेल, तर खटकाच बदलावा लागतो.

खिट्टी अडते म्हणून ती घासून काढण्याचा सल्ला देणारे कारागीर भेटतात. अर्धवट घासलेली खिट्टी चालत्या गाडीत दांड्यात पडली, तर वळणावर चाक वळणार नाही. हा सल्ला ऐकू नये.

आणि किल्लीला टांगलेला तो जुडगा! घराची, कपाटाची, दुकानाची, सगळ्या किल्ल्या एकत्र. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने लाखो गाड्या परत बोलावल्या. तेथे खटका अडत नव्हता, उलट सैल होता; जुडग्याच्या भाराने वा धक्क्याने तो मागे सरके, इंजिन बंद पडे आणि धडकेच्या वेळी हवेच्या पिशव्या उघडत नसत. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आपल्या जुन्या गाड्यांत त्या पिशव्या नाहीत, पण पन्नास वर्षांचा झिजलेला गाभा आहे. मोटारीची किल्ली एकटीच ठेवा. आणि ठेवणीतली दुसरी किल्ली कोठे आहे, ते आज घरी गेल्यावर एकदा पाहून घ्या.